बाबांची ७२ सालची अ‍ॅम्बॅसडर, डिझेल इंजिन आणि पासिंगचा घोळ

मागचा_बंपर | १४ सप्टेंबर २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज अडलोय म्हणून पहिला धागा. लांबण लागणार आहे.

गाडी हिंदुस्तान अ‍ॅम्बॅसडर मार्क टू, १९७२. नंबर जीडीए मालिकेतला, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाचा. पुढची चौकड्यांची जाळी अजून मूळचीच. आमचं घर सत्तरी तालुक्यात. बाबांचे दोन ट्रक खनिजावर चालायचे. ९३ साली गाडीचं पेट्रोल इंजिन जाम झालं, तेव्हा बाबांनी त्या जागी हिंदुस्तानचंच १४८९ सीसीचं डिझेल इंजिन बसवलं. अंगणात डिझेलचे फिटर, ट्रकांसाठी डिझेल येतच होतं, त्यामुळे त्यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. २०१२ ला खाणी बंद पडल्या, ट्रक विकले, गाडी तेवढी राहिली. २०१८ पासून शेडात.

गेली दोन वर्षं मी ती उभी करतोय. डिकीची जमीन पूर्ण सडली होती, ती नवीन पत्र्याची केली. पुढे डिस्क ब्रेक (एका नंतरच्या अ‍ॅम्बॅसडरवरून काढलेले), डायनॅमो काढून अल्टरनेटर, पुढे बकेट सीट. रंग मूळचा मळकट पांढरा होता, आता बाटली हिरवा. चवथीला बाबांना बाजूला बसवून गावात फिरवलं. बाबा ७८ वर्षांचे. एक शब्द बोलले नाहीत, नुसते डॅशबोर्डवरून हात फिरवत राहिले.

आता मुद्दा. नोंदणीची मुदत जुलै २०२३ ला संपली. नूतनीकरणाचा अर्ज भरला, गाडी दाखवायला नेली. निरीक्षकाने बोनेट उघडलं, हातातल्या कागदाकडे बघितलं आणि विचारलं, "हे इंजिन कुठलं?" त्यांच्या संगणकावर इंधन पेट्रोल, इंजिन नंबर जुना. गाडी परत पाठवली. माणूस वाईट नव्हता, जाताना म्हणाला, "गाडी बरी केलीय हां." पण सही नाही.

मला ती रॅलीत मिरवायची नाही. साखळीच्या बाजारात, बाबांना डॉक्टरकडे, कधी सावंतवाडीला मामाकडे, अशी चालवायची आहे. काय करू?

---

फेणीफॉगलॅम्प | १४ सप्टेंबर, रात्री ११:०३

फोटोशिवाय गाडीचा धागा म्हणजे माशाच्या हुमणाशिवाय शीत. आधी फोटो.

---

काळा_कोट | १५ सप्टेंबर, सकाळी ८:२०

वाईट बातमी आधी सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीतला तपशील कारखान्याने ठरवून दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळ हायकोर्टाने या कलमाचा सैल अर्थ लावला होता, तो ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने मोडीत काढला. सीएनजी-एलपीजी किटसारखे ठरावीक अपवाद आहेत, पण पेट्रोलचं इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन घालणं त्यात बसत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द दोनदा वाचा आणि मग तुमची वरची यादी मोजा.

मूळ इंजिन घरात असेल तर परत बसवा. सर्वांत सरळ वाट तीच.

---

मागचा_बंपर | १५ सप्टेंबर, सकाळी ९:०५

मूळ इंजिन ९३ सालीच भंगारात गेलं. बाबा म्हणतात, त्या पैशात तेव्हा बॅटरी आली.

---

पन्नाशीपार | १५ सप्टेंबर, दुपारी १:४८

कोणी सुचवायच्या आत व्हिंटेज नोंदणीबद्दल लिहून टाकतो, कारण माझ्याकडे ५९ सालची मॉरिस मायनर त्यात आहे.

केंद्राची अधिसूचना जुलै २०२१ ची. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी चालते. अट अशी की चेसिस, बॉडीशेल आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. नवीन नोंदणीचे वीस हजार, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी पाच हजार. अर्ज परिवहन पोर्टलवर, मग राज्याची समिती गाडी बघते. नवीन नंबर घेतला तर त्यात व्हीए ही अक्षरं येतात, आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही निम्मा.

वयाने तुमची गाडी बसते, इंजिनाने नाही. आणि बसली असती तरी तुम्हाला उपयोग नव्हता, कारण व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, तिथलं जाणं-येणं, इंधन आणि दुरुस्ती, बस्स. माझी मायनर वर्षातून चारदा गेटबाहेर पडते. बायको म्हणते, देवळातली पालखी हिच्यापेक्षा जास्त फिरते.

---

फोंड्याचा_पाना | १५ सप्टेंबर, रात्री ९:३०

मी गॅरेजवाला माणूस, कोर्टाचं मला कळत नाही. पण पासिंगला गाड्या नेऊन तीस वर्षं झाली.

भाऊ, आरसी समोर घे आणि त्यात काय लिहिलंय ते बघ. चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन, सीसी, सिलिंडर, रंग, बैठक, वजन, बॉडीचा प्रकार. निरीक्षक कागद आणि गाडी जुळते का ते बघतो. अल्टरनेटर त्यात कुठेच नाही, तो विसर. बकेट सीट घातल्यास, बैठक किती लिहिलीय? रंग हिरवा केलास आणि कागदावर पांढरा, हे मात्र अडकणार. इंजिनाच्या नादात रंगाचं सगळे विसरतात.

दुसरं. चेसिस नंबर वाचता येतो का? आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस, पत्रा आतून खाल्ला जातो. नंबरावर पॉलिश पेपर अजिबात मारू नकोस. फडक्याला थोडं डिझेल लावून हळू पुस, मग पेन्सिलीने छाप काढून चिकटपट्टीवर घे. नंबर घासून गेला की परत ठोकायला वेगळी परवानगी, वेगळे हेलपाटे. एका पद्मिनी गाडीचा नंबर पेंटरने पुटीखाली गाडला होता, पुटी खरवडताना अर्धा आकडा गेला. मालक आठ महिने फिरत होता.

---

मागचा_बंपर | १५ सप्टेंबर, रात्री १०:१२

चेसिस नंबर स्वच्छ वाचता येतो. बैठक चालक धरून पाच. पुढच्या बाकड्यावर तिघं बसायची हा आमच्या घरचा रिवाज होता, आरसीचा नव्हे.

---

इसुझुची_आग | १६ सप्टेंबर, सकाळी ७:५५

या विषयावर मी गप्प बसू शकत नाही. माझी मार्क थ्री. २००७ साली त्यात हिंदुस्तानच्याच १८०० आयएसझेडचं १८१७ सीसीचं इसुझू इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स घातला. त्याच कारखान्याने तेच इंजिन अ‍ॅम्बॅसडरमध्येच घालून विकलं, माउंटिंग सोडलं तर फार काही बदलावं लागलं नाही. गाडी मूळपेक्षा सुरक्षित आहे, चढाला दम लागत नाही, धूर कमी. पण नोंद होत नाही म्हणजे नाही. तीन कार्यालयांत विचारून झालं. अठरा वर्षं गाडी घराच्या फाटकापासून आंब्यापर्यंत जाते आणि परत येते.

डिस्क ब्रेकवरून आता कोणी तुम्हाला घाबरवेल. ड्रमवर ही गाडी चोर्ला घाटाच्या उतारावर कशी थांबते हे ज्याने अनुभवलंय त्याने बोलावं.

---

काळा_कोट | १६ सप्टेंबर, सकाळी १०:३१

इसुझुभाऊ, सहानुभूती आहे, पण कायदा गाडी चांगली की वाईट हे विचारत नाही. डिस्कबद्दल माझं मत कडक आहे. आरसीत ब्रेकचा रकाना नसला तरी ब्रेक हा कारखान्याच्या मान्यतेचा भाग असतो. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर हीच गोष्ट आधी लिहील.

फोंड्याचा_पाना | १६ सप्टेंबर, सकाळी १०:५८

कोट काका, आणि ड्रम तापून ब्रेक लागला नाही म्हणून अपघात झाला तर तो सर्व्हेअर काय लिहील?

काळा_कोट | १६ सप्टेंबर, सकाळी ११:१०

"मूळ स्थितीत." आणि क्लेम पास करील. दुर्दैवाने.

---

फेणीफॉगलॅम्प | १६ सप्टेंबर, दुपारी ३:१५

अवांतर: आमच्या भाटात एक जुनी ओपल सडतेय, डाव्या स्टिअरिंगची. आजोबांच्या एका नातलगाने लिस्बनहून आणलेली. अशी गाडी रस्त्यावर चालते का हो?

पन्नाशीपार | १६ सप्टेंबर, दुपारी ४:०२

अवांतराला अवांतर. कलम १२० सांगतं की डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायची तर तिला वळण्या-थांबण्याचा इशारा देणारं यांत्रिक किंवा विजेचं साधन चालू स्थितीत हवं. म्हणजे सरसकट बंदी नाही. तुमच्या ओपलची अडचण स्टिअरिंग नसून तिचे कागद असणार.

गंमत म्हणजे पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोवा डाव्याच बाजूने चालत राहिला. शेजारी ब्रिटिशांचा मुलूख, सीमेवर बाजू बदलणार कोण? म्हणून गोव्यात उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या आधीपासून आहेत. लिस्बनहून थेट आलेल्या तेवढ्या डाव्या.

संपादक मंडळ | १६ सप्टेंबर, दुपारी ४:४०

ओपलसाठी स्वतंत्र धागा काढावा, ही विनंती. फोटोसह.

---

जुना_शिक्का | १७ सप्टेंबर, सकाळी ६:२५

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी नोकरीची बरीच वर्षे वाहन नोंदणीच्या टेबलावर काढली आहेत. (गोव्यात आरटीओ असे पद नाही, सहायक संचालक असतात, पण लोक आरटीओच म्हणतात आणि आम्हीही म्हणायचो.) धागाकर्त्याला एकच प्रश्न विचारायचा आहे आणि तो अजून कोणी विचारलेला नाही.

इंजिन १९९३ मध्ये बदलले. तेव्हा तुमच्या वडिलांनी परवानगी घेतली होती का?

विचारण्याचे कारण सांगतो. श्री. काळा कोट यांनी सांगितलेले कलम ५२ आजचे आहे. ते २००० सालच्या दुरुस्तीने आले. १९८८ च्या मूळ कायद्यातील कलम ५२ निराळे होते. त्यात असे होते की, बदल करण्यापूर्वी मालकाने नोंदणी कार्यालयाला सूचना द्यावी, मंजुरी घ्यावी, आणि मग तो बदल आरसीवर नोंदवला जावा. म्हणजे १९९३ साली पेट्रोलचे डिझेल करणे मुळात निषिद्ध नव्हते. विचारून करणे एवढीच अट होती. आमच्या टेबलावर असे अर्ज येत, निरीक्षक गाडी पाहत, आणि आरसीच्या पुस्तकाच्या मागील पानांवर हाताने शेरा लिहून सही-शिक्का होत असे.

तुमच्याकडे आज जी आरसी आहे ती नवीन आहे ना? जुने पुस्तक शोधा. संगणकात जुन्या नोंदी चढवताना बहुतेकदा पहिल्या पानाचाच मजकूर चढला. मागील पाने उलटून पाहायला वेळ कोणाला होता?

---

काळा_कोट | १७ सप्टेंबर, सकाळी ९:४४

शिक्का साहेब, साष्टांग नमस्कार. दुरुस्ती ११ ऑगस्ट २००० पासून लागू झाली. आधीची मंजुरी कागदावर असेल तर वरचा माझा पहिला प्रतिसाद या गाडीला लागू नाही, तो मागे घेतो. डिस्कचा घेत नाही.

---

मागचा_बंपर | १७ सप्टेंबर, दुपारी १:२०

बाबांना विचारलं. म्हणाले, "न विचारता इंजिन घालायला मी चोर होतो की काय?" एवढं बोलून जेवायला बसले. पुस्तक कुठे आहे ते त्यांना आठवत नाही. २०१८ ला एजंटने नवीन आरसी आणून दिली, तेव्हापासून कोणी बघितलेलं नाही. तेव्हा बोनेट तरी उघडलं होतं की नाही, देव जाणे.

---

इसुझुची_आग | १७ सप्टेंबर, दुपारी २:०६

म्हणजे ९३ ला एका कागदावर चाललं आणि २००७ ला कुठल्याच कागदावर नाही. मी सात वर्षं आधी जन्मायला हवं होतं.

पन्नाशीपार | १७ सप्टेंबर, दुपारी २:३०

तुम्ही नव्हे, इंजिन.

---

मागचा_बंपर | २८ सप्टेंबर, रात्री ११:५०

सापडलं!!

ट्रकांच्या जुन्या कागदांची पत्र्याची पेटी माळ्यावर होती. वर रॉयल्टीच्या पावत्या, खाली टायरची बिलं, तळाला प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक. एक कोपरा वाळवीने खाल्लाय. पहिल्या पानावर पेट्रोल. मागून तिसऱ्या पानावर निळ्या शाईत नवीन इंजिनाचा नंबर, "डिझेल", १९९३ मधली तारीख, सही आणि गोल शिक्का. शिक्का फिका आहे पण उजेडात धरला की वाचता येतो. सोबत इंजिन घेतल्याचं बिल, पिवळं पडलेलं.

आता गाडीवरचा इंजिन नंबर ताडून पाहिला. आकडा न आकडा तोच. घरात सगळे जागे झाले. बाबा सोडून. त्यांनी कूस बदलली आणि म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं."

---

फेणीफॉगलॅम्प | २९ सप्टेंबर, सकाळी ७:१२

डोळे पाणावले. आता तरी फोटो टाका रे.

जुना_शिक्का | २९ सप्टेंबर, सकाळी ७:४०

अभिनंदन. पण घाई करू नका. पुस्तक मूळ आहे, ते कोणाच्याही हाती सोडून येऊ नका. सर्व पानांच्या रंगीत प्रती काढा, कोऱ्या पानांच्यासुद्धा. अर्जात "इंजिन बदलायचे आहे" असे चुकूनही लिहू नका. तसे लिहिले तर तो आजच्या कायद्याखालचा नवीन बदल ठरेल आणि नाकारला जाईल. "१९९३ साली मंजूर झालेली नोंद संगणकीय अभिलेखात चढवायची राहिली आहे, ती दुरुस्त करावी", असे लिहा. कार्यालयाकडे जुन्या नोंदवह्या असतात. त्यात हाच शेरा मिळाला तर काम सोपे. उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकारात त्या पानाची प्रत मागा, दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत.

रंगाचा अर्ज मात्र वेगळा आणि आजच्या तारखेचा. दोन्ही एकाच कागदावर घालू नका. एक अडकला की दुसराही अडकतो.

---

काळा_कोट | २९ सप्टेंबर, सकाळी ११:०२

आणि विमा. पॉलिसीवर कुठला इंजिन नंबर आहे?

मागचा_बंपर | २९ सप्टेंबर, सकाळी ११:२६

आत्ता जुन्या पॉलिसी काढून बघितल्या. जुनाच. भंगारातल्या इंजिनाचा विमा इतकी वर्षं भरत होतो.

काळा_कोट | २९ सप्टेंबर, सकाळी ११:४१

आरसी दुरुस्त झाली की त्याच दिवशी पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या. एक बरं आहे, दोन्ही इंजिनं १४८९ सीसीची. २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीला थर्ड पार्टीचा हप्ता ३,४१६ रुपये होता आणि १५०० च्या वर ७,८९७. तुम्ही अकरा सीसीने वाचलात.

इसुझुची_आग | २९ सप्टेंबर, दुपारी १२:१५

मीठ चोळून झालं असेल तर जेवायला जा.

---

पुण्याची_पद्मिनी | ४ ऑक्टोबर, रात्री ८:१०

उशिरा आलो. एक शंका: डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात ना? मग ५३ वर्षांची डिझेल गाडी पास कशी होईल?

जुना_शिक्का | ५ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

तो आदेश दिल्ली आणि तिच्या परिसरापुरता आहे. हरित लवादाने २०१५ मध्ये दिला आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये उचलून धरला. गोव्यात खासगी गाडी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासून नूतनीकरण करता येते. खर्च मात्र वाढला आहे. वीस वर्षांवरील हलक्या मोटारीला यंदा ऑगस्टपासून दहा हजार, आणि उशिराचे महिन्याला पाचशे.

मागचा_बंपर | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:१८

अर्ज सप्टेंबरात भरला म्हणून सव्वीस महिने गुणिले पाचशे. तेरा हजार अधिक दहा हजार. हा आकडा बाबांना सांगितलेला नाही, आणि कोणी सांगूही नये. ते कधीकधी माझ्या फोनवरून हा धागा वाचतात.

---

मागचा_बंपर | २ डिसेंबर, रात्री ९:३५

बरेच दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. चार खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब रजेवर. दुसऱ्यांदा, जुनी वही दुसऱ्या इमारतीत आहे, शोधावी लागेल. तिसऱ्यांदा बाहेर एकाने गाठून सांगितलं की इतकी मेहनत कशाला, तो "सगळं करून देतो". रक्कम ऐकून मी हसलो, तो नाही हसला. चौथ्या खेपेला मी शिक्का साहेबांनी सांगितल्याप्रमाणे माहिती अधिकाराचा अर्ज खिशातून काढून टेबलावर नुसता ठेवला, दिला नाही. पुढच्या आठवड्यात वही सापडली. शेरा तिथेही आहे, त्याच अक्षरात.

नोंद दुरुस्त झाली! संगणकावर आता इंधन डिझेल आणि इंजिन नंबर बरोबर. रंगाचा अर्ज वेगळा दिला होता, तोही झाला.

आणि आता नवीन भानगड. पीयूसी.

---

फोंड्याचा_पाना | २ डिसेंबर, रात्री ९:५०

धूर?

मागचा_बंपर | २ डिसेंबर, रात्री १०:०४

आधी धूर नव्हे, यंत्र. पीयूसीचं यंत्र गाडीची माहिती सरकारी नोंदीवरून उचलतं. मी नोंद दुरुस्त होण्याआधी एकदा गेलो होतो, तेव्हा त्याला वाटलं गाडी पेट्रोलची. पंपावरचा पोरगा कार्बन मोनॉक्साइडची नळी घेऊन आला, मर्यादा ३ टक्के दाखवत होती. मी म्हटलं, अरे हे डिझेल आहे. तो म्हणाला, "मशीन म्हणतं पेट्रोल." अर्धा तास मशीन खरं की मी खरा यावर गेला. काल पुन्हा गेलो, या वेळी धुराची चाचणी निघाली. मर्यादा ६५. माझी ८१.

फोंड्याचा_पाना | २ डिसेंबर, रात्री १०:२२

सात वर्षं उभी होती ना? नोझल काढून तपासून घे, आतून धार नव्हे, थेंब पडत असतील. इंजिनाचा डिझेल पंप कॅलिब्रेशनला दे, टाकी धुऊन काढ. एअर फिल्टर बघ, अर्ध्या लोकांचा तिथेच अडकतो. चाचणीआधी गाडी पंधरा-वीस किलोमीटर नीट पळव, थंड इंजिनावर नळी लावायला देऊ नकोस. आणि कोणी सांगेल पंपाचा स्क्रू आवळून डिझेल कमी कर, म्हणजे धूर पडणार नाही. तसं करू नकोस. पीयूसी मिळेल पण चढाला गाडी ढकलावी लागेल.

साखळीत खाणीच्या काळातले पंपवाले अजून आहेत. त्यांना अ‍ॅम्बॅसडर म्हणजे खेळणं.

---

पुण्याची_पद्मिनी | ३ डिसेंबर, सकाळी १०:४०

मालक, माझ्या पद्मिनीत मित्र म्हणतो मारुतीचं इंजिन बसव, सुटसुटीत पडेल. तुमचा धागा वाचून…

इसुझुची_आग | ३ डिसेंबर, सकाळी १०:४३

नको.

काळा_कोट | ३ डिसेंबर, सकाळी १०:४५

नको.

पन्नाशीपार | ३ डिसेंबर, सकाळी ११:३०

मूळ इंजिनाचं बोअरिंग करून घ्या, पिस्टन-रिंगा बदला. पन्नाशी झाली की व्हीएचं दारही उघडं राहील.

---

मागचा_बंपर | १८ जानेवारी २०२६, रात्री १०:१५

झालं.

नोझल नवीन, पंप साखळीत कॅलिब्रेट केला. त्या पंपवाल्या काकांनी गाडी बघून आधी बाबांचं नाव घेतलं, मग माझ्याकडे बघितलं. पैसे घेतले, पण चहा त्यांनी पाजला. धूर ५२.

परवा गाडी दाखवली. तेच निरीक्षक. चेसिसची छाप, इंजिन नंबर, रंग, दिवे, वायपर, हॉर्न, हँडब्रेक. आवारात दोन फेऱ्या मारून जोरात ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. उतरून चाकाकडे वाकून बघितलं, डिस्क दिसलीच असणार, माझ्याकडे बघितलं आणि पुढचा रकाना भरला. काळा कोट काका, याचा अर्थ तुम्ही लावा. मी विचारलं नाही.

पाच वर्षांचं नूतनीकरण मिळालं. विम्यात नवीन इंजिन नंबर चढला. उच्च सुरक्षा नंबरप्लेटची ऑर्डर दिलीय.

---

काळा_कोट | १८ जानेवारी, रात्री १०:३७

अभिनंदन! त्याने मौन पाळलं, मंजुरी दिलेली नाही. दोन्हींत फरक आहे. जुने ड्रम फेकू नका.

मागचा_बंपर | १८ जानेवारी, रात्री १०:४४

शेडात आहेत. गोणपाटात बांधून, तेल लावून. आमच्या घरात आता काहीच भंगारात जात नाही.

इसुझुची_आग | १९ जानेवारी, सकाळी ७:३०

मनापासून अभिनंदन भाऊ. आणि मंडळी, कोणाकडे मार्क थ्रीचं मूळ पेट्रोल इंजिन, निदान ब्लॉक तरी, कागदांसह विकाऊ असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. कारखाना २०१४ लाच बंद झाला, आता जुन्यातच शोधायचं. इसुझू विकणार नाही, ते माझ्याबरोबर येईल.

जुना_शिक्का | १९ जानेवारी, सकाळी ७:५२

बिल पक्के घ्या, विकणाऱ्याच्या गाडीची नोंद रद्द झाल्याचा कागदही घ्या. आणि बोल्ट खोलण्याआधी अर्ज द्या, नंतर नव्हे.

फेणीफॉगलॅम्प | १९ जानेवारी, सकाळी ८:०५

चार महिने झाले. फोटो?

मागचा_बंपर | १९ जानेवारी, रात्री ९:२०

घ्या. तीन टाकलेत. तिसऱ्यात पुढच्या बकेट सीट गायब दिसतील. बाबा म्हणाले, या खुर्च्यांतून उतरताना गुडघे दुखतात, माझं बाकडं परत बसव. काल बसवलं.